झोताच्या मधोमध पडलेला अंधार

१९६२ च्या जुलैत अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात, डरहॅम या गावी, घनस्थिती उपकरणांवर काम करणाऱ्या संशोधकांची परिषद भरली होती. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतल्या मंडळींनी तिथे एक निरीक्षण मांडलं. गॅलियम आर्सेनाइडच्या डायोडमधून वीज सोडली, तर तिचा अनपेक्षितपणे मोठा वाटा अवरक्त प्रकाश होऊन बाहेर पडतो, असं ते निरीक्षण होतं. श्रोत्यांमध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे रॉबर्ट हॉल होते. परतीच्या आगगाडीतच आपण आकडेमोड सुरू केली, अशी आठवण त्यांनी नंतर सांगितली आहे. एवढा प्रकाश मिळत असेल, तर त्याच स्फटिकाच्या दोन बाजू आरशासारख्या गुळगुळीत करून लेसर का बनवू नये? शाळकरी वयात हॉल हौसेने दुर्बिणी बनवत असत. काच घासण्याचा तो हात आता स्फटिक घासण्याच्या कामी आला. १६ सप्टेंबर १९६२ रोजी, द्रव नायट्रोजनच्या थंडीत, त्यांच्या डायोडने लेसर प्रकाश दिला. पुढच्या काही आठवड्यांतच आयबीएम, लिंकन प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिकच्याच दुसऱ्या शहरातले निक होलोन्याक या तिघांनीही स्वतंत्रपणे तेच साधलं.

हा लेसर मिलिमीटरच्या काही दशांशाएवढा होता आणि थेट विजेवर चालत होता. पण त्याचा झोत वाईट होता, आणि हा दोष कारागिरीचा नव्हता. प्रकाश जेवढ्या अरुंद फटीतून बाहेर पडतो तेवढा तो जास्त फाकतो. तरंगलांबीला फटीच्या रुंदीने भागलं की फाकण्याच्या कोनाचा साधारण अंदाज येतो. अर्धवाहक लेसरमध्ये प्रकाश एका पातळ थरातून वाहतो आणि स्फटिकाच्या कडेतून बाहेर येतो. थराची जाडी एखादा मायक्रॉन आणि तरंगलांबीही जवळपास तेवढीच, म्हणून उभ्या दिशेने झोत तीस-चाळीस अंश पसरतो. आडवी रुंदी जास्त असल्याने त्या दिशेने तो कमी पसरतो. भिंतीवर पडतो तो गोल ठिपका नसतो, लांबट अंडाकृती डाग असतो. शक्ती वाढवण्यासाठी पट्टी रुंद करावी, तर तिच्यात प्रकाशाच्या अनेक धारा एकमेकींशी न जुळता वाहू लागतात आणि झोत आणखी बिघडतो. पुढची साठ वर्षं या क्षेत्रातल्या उत्तमोत्तम डोक्यांनी ज्याच्याशी झुंज घेतली, ती अडचण ही.

भारत या कथेत फार मागे नव्हता. मुंबईत ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा आस्थापनेत, म्हणजे १९६७ पासून ज्याला आपण भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतो तिथे, साठच्या दशकाच्या मध्यातच गॅलियम आर्सेनाइडचा लेसर तयार झाला. जगातल्या पहिल्या अर्धवाहक लेसरला तेव्हा जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती. त्या लेसरच्या आधारे ट्रॉम्बे आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यात उघड्या हवेतून संदेशवहनाचा प्रयोगही झाला. झोत फाकला तर पलीकडच्या टोकाला किती कमी प्रकाश पोचतो, हा धडा त्या प्रयोगात आपोआप मिळतो. समोर मोठं भिंग ठेवून झोत आवरावा लागतो. ट्रॉम्बेच्या या कामाची आठवण मराठी वाचकांपर्यंत फारशी पोचलेली नाही याची मला खंत वाटते, कारण ते काम उशिरा केलेलं अनुकरण नव्हतं.

त्याच काळात महाराष्ट्राचा आणखी एक धागा न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत विणला जात होता. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म २ जुलै १९३८ रोजी बारामतीत झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले, १९६१ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी बेलमध्ये रुजू झाले. वयाच्या पंचविशीतच त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूच्या रेणूंच्या कंपनांमधून लेसर प्रकाश मिळवून दाखवला. त्याची मुख्य तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या सुमारे वीसपट. मग त्यांनी वायूत नायट्रोजन मिसळला. विजेच्या झटक्याने नायट्रोजनचे रेणू ऊर्जा साठवतात आणि धडकेत ती कार्बन डायऑक्साइडला देऊन टाकतात. सुरुवातीला मिलिवॉटमध्ये मोजावी लागणारी शक्ती पाहता पाहता शेकडो वॉटवर गेली. पत्रे कापणं, जोडकाम, शस्त्रक्रिया अशा कित्येक कामांत हा लेसर शिरला.

कार्बन डायऑक्साइड लेसरचा झोतही सुरेख होता. वायूची नळी चांगली रुंद असते, प्रकाश तिच्यातून लांबवर ये-जा करून बाहेर पडतो, त्यामुळे तो फाकतो कमी. म्हणून साठच्या दशकाच्या शेवटी दोन टोकं समोरासमोर उभी होती. एकीकडे खोलीभर पसरलेलं, शक्तिमान आणि सरळ झोताचं यंत्र. दुसरीकडे मोहरीएवढा, स्वस्त होऊ शकणारा, पण झोत न आवरणारा स्फटिक.

१९७० साली दोन गोष्टी जुळून आल्या. लेनिनग्राडमध्ये झोरेस अल्फेरोव्ह यांच्या गटाने आणि बेलमध्ये इझुओ हायाशी व मॉर्टन पॅनिश यांनी वेगवेगळ्या अर्धवाहकांचे थर एकावर एक चढवून नेहमीच्या तापमानाला अखंड चालणारे लेसर बनवले. थरांच्या या रचनेची कल्पना हर्बर्ट क्रोमर यांनी १९६३ मध्येच मांडली होती, पण तेव्हा तिचा व्यवहारात उपयोग काय, असं म्हणून त्यांना त्यावर काम करू दिलं गेलं नव्हतं. (२००० सालच्या नोबेलमध्ये अल्फेरोव्ह आणि क्रोमर दोघंही होते.) १९७० मध्येच कॉर्निंग कंपनीने दूरवर प्रकाश नेऊ शकणारी काचेची तार बनवली. आता लेसरने एकच नेमकी तरंगलांबी द्यावी अशी निकड निर्माण झाली, कारण वेगवेगळ्या तरंगलांब्या काचेतून वेगवेगळ्या वेगाने जातात आणि संदेश विस्कटतो.

या निकडीतून ग्रेटिंग लेसरच्या आत शिरली. ग्रेटिंग म्हणजे ठरावीक अंतरावर कोरलेल्या समांतर रेषा. वर्ध्याहून हिंगणघाटकडे जाताना गाडीच्या खिडकीतून कपाशीची तासं पाहिली आहेत त्यांना तिचं मर्म सहज कळेल. बहुतेक कोनांतून शेत नुसतं हिरवं दिसतं, पण काही मोजक्या कोनांत सगळी तासं एका रेषेत येऊन आरपार वाट उघडते. प्रकाशाच्या लाटांचंही ग्रेटिंगवर असंच होतं. प्रत्येक रेषेवरून थोडा प्रकाश विखुरतो, आणि ज्या दिशेने या सगळ्या लाटांचे चढ एकमेकांशी जुळतात त्याच दिशेने झोत जातो. बाकी दिशांना लाटा एकमेकींना खोडतात. कोणत्या दिशेने जुळेल, ते रेषांमधल्या अंतरावर ठरतं.

१९७१ मध्ये बेलच्या हर्विग कोगेलनिक आणि चार्ल्स शँक यांनी जिलेटिनच्या पातळ थरात प्रकाशाच्याच साहाय्याने अशी ग्रेटिंग उमटवली, तो थर रोडामाइन या रंगद्रव्यात भिजवला आणि नायट्रोजन लेसरने त्याला चेतवलं. टोकांना आरसे नव्हतेच. रेषा प्रकाशाला थोडा थोडा मागे परतवत होत्या आणि एवढ्याने लेसर चालला, तोही एका नेमक्या तरंगलांबीवर. पुढच्या वर्षी त्यांनी त्याचं गणित प्रसिद्ध केलं. कॅल्टेकमध्ये अम्नोन यारीव यांच्या गटाने हे तंत्र गॅलियम आर्सेनाइडमध्ये उतरवलं. आज समुद्रतळातून, रुळांच्या कडेने आणि रस्त्यांखालून गेलेल्या दूरवरच्या फायबरमधून आपली बोलणी वाहून नेणारे लेसर या घराण्यातले आहेत.

रेषांमधलं अंतर स्फटिकातल्या तरंगलांबीच्या निम्मं ठेवलं, तर प्रकाश फक्त मागे परततो. ते पूर्ण तरंगलांबीएवढं ठेवलं, तर प्रकाश मागेही परततो आणि शिवाय काही वाटा काटकोनात वर, पृष्ठभागातून बाहेर पडतो. गॅलियम आर्सेनाइडच्या लेसरसाठी हे अंतर सुमारे ०.३ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये तीन हजारांहून अधिक रेषा. लेनिनग्राडचे रुडॉल्फ काझारिनोव्ह आणि रॉबर्ट सुरिस यांनी १९७२ मध्ये ही शक्यता कागदावर मांडली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर अल्फेरोव्ह यांचा गट, झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातले बर्नहॅम, सायफ्रेस आणि श्ट्रायफर, तसेच आयबीएममधले संशोधक असे सगळे वर्षभराच्या अंतराने पृष्ठभागातून प्रकाश देणारे ग्रेटिंगचे लेसर दाखवू लागले.

यात सगळ्यांना काय दिसत होतं? कडेतून प्रकाश काढला, तर दार एक मायक्रॉनचं. पृष्ठभागातून काढला, तर दार अर्ध्या किंवा एका मिलिमीटरचं, आणि दार जेवढं मोठं तेवढा झोत सरळ. भिंगं नकोत, स्फटिक फोडून कडा काढायला नकोत, एका चकतीवर शेकडो लेसर एकत्र तपासता येतील. हिशोब बिनचूक वाटत होता. झोत मोजायला बसल्यावर मात्र वेगळंच दिसलं. प्रकाश सरळ वर जाण्याऐवजी डावीकडे आणि उजवीकडे अशा दोन पाकळ्यांत विभागला जात होता आणि जिथे सर्वांत तेज असायला हवं तिथे, नेमक्या मध्यावर, अंधार होता.

हा अंधार या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे असं मला वाटतं, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबतो. स्फटिकात एक लाट उजवीकडे धावते, एक डावीकडे. ग्रेटिंग दोन्हींना थोडं थोडं वर फेकते. वर फेकलेल्या या दोन लाटा एकमेकींत मिळून वाढतात, किंवा एकमेकींना खोडतात. लेसरला या दोन्ही अवस्था खुल्या असतात. त्यातली तो कोणती निवडतो? ज्या अवस्थेत ऊर्जा कमी गळते ती. पण इथे ऊर्जा वर जाणं हीच तर गळती! म्हणजे जी अवस्था आपल्याला प्रकाश देणार, तिलाच लेसर नाकारतो आणि खोडणाऱ्या अवस्थेत चालू लागतो. लाटा पूर्णपणे खोडल्या जातात त्या फक्त मधल्या भागात. दोन टोकांना खोडणं अपुरं राहतं आणि तिथून प्रकाश निसटतो. दोन्ही टोकांचा प्रकाश परस्परविरुद्ध कलेत असतो, एकाचा चढ तिथे दुसऱ्याचा उतार, त्यामुळे समोर सरळ रेषेत दोघं भेटले की शून्य उरतं. चार्ल्स हेन्री, काझारिनोव्ह (ते आता बेलमध्ये आले होते) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हे प्रयोगाने दाखवून त्याचं स्पष्टीकरण दिलं. जो दोष आतापर्यंत बनावटीचा वाटू शकत होता, तो रचनेच्या सममितीतूनच येत होता. कितीही स्वच्छ कोरलं तरी तो जाणार नव्हता.

कारण कळल्यावर उपायही सुचले. ग्रेटिंगच्या बरोबर मध्यावर रेषा अर्ध्या अंतराने, म्हणजे मायक्रॉनच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढ्या, सरकवायच्या. तेवढ्याने उजव्या अर्ध्या भागातून वर जाणाऱ्या प्रकाशाचे चढ-उतार उलटतात आणि समोर शून्याऐवजी भर पडते. दुसरा मार्ग रेषांमधलं अंतर हळूहळू बदलत नेण्याचा, तिसरा रेषाच किंचित वाकवण्याचा. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात स्टीव्हन मॅकोम्बर आणि इतरांनी या दिशेने मोठा पल्ला गाठला. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डॅन बोटेझ यांनी तर अनेक पट्ट्या शेजारी ठेवून सगळ्यांना एका तालात चालवण्याचं गणित दशकानुदशकं जोपासलं.

दरम्यान टोकियोत एका माणसाने अगदी वेगळा रस्ता धरला होता. टोकियो तंत्रज्ञान संस्थेचे केनिची इगा यांनी २२ मार्च १९७७ रोजी आपल्या वहीत एक आकृती काढली. तिच्यात आरसे कडेला नव्हते, एक खाली आणि एक वर होता, आणि प्रकाश मुळातच उभा ये-जा करत होता. १९७९ मध्ये तो लेसर थंड करून, क्षणभराच्या स्पंदांत चालला. नेहमीच्या तापमानाला अखंड चालायला १९८८ उजाडलं. त्यातले आरसेही एका अर्थाने ग्रेटिंगच असतात, फक्त उभी रचलेली: वीस-तीस जोड्यांचे पातळ थर, प्रत्येक थर पाव तरंगलांबीचा. १९९६ च्या सुमारास हनीवेल कंपनीने असे लेसर बाजारात आणले. त्यांचा झोत गोल असतो, वीज कमी लागते. संगणकाच्या माउसमध्ये, डेटा सेंटरच्या जोडण्यांत आणि २०१७ पासून चेहरा ओळखणाऱ्या मोबाइलमध्ये ते दिसू लागले. २००७ मध्ये बर्कलीच्या कॉन्स्टन्स चँग-हॅस्नेन यांच्या गटाने वरच्या आरशातल्या कितीतरी थरांचं काम तरंगलांबीहून बारीक रेषांच्या एकाच पातळ ग्रेटिंगवर सोपवून दाखवलं.

पण इगांच्या लेसरला शक्तीची मर्यादा होती. त्याचं दार काही मायक्रॉनपलीकडे रुंद केलं की झोताचा ताल सुटतो. एक एक लेसर छोटाच ठेवावा लागतो आणि शक्ती हवी तर त्यांची दाटी करावी लागते. दाटीतला प्रत्येक जण स्वतःच्या तालात चालतो. मोठं दार आणि एकच ताल, हे दोन्ही एकत्र हवं असेल तर ग्रेटिंगकडेच परतावं लागणार होतं.

पटेल यांची १०.६ मायक्रॉनची दुनियाही या काळात स्फटिकाच्या आवाक्यात आली. १९९४ च्या जानेवारीत बेलमध्ये फेडेरिको कपासो, जेरोम फाइस्ट आणि सहकाऱ्यांनी क्वांटम कॅस्केड लेसर चालवला. त्याची कल्पना पुन्हा काझारिनोव्ह आणि सुरिस यांचीच, १९७१ ची. काही नॅनोमीटर जाडीच्या थरांची लांबलचक शिडी रचायची. एकच इलेक्ट्रॉन पायरी पायरी उतरत जातो आणि प्रत्येक टप्प्यावर प्रकाशाचा एक कण देतो. तरंगलांबी द्रव्यावर अवलंबून राहत नाही, थरांच्या जाडीवर ठरते. पटेल तोवर बेलमधली बत्तीस वर्षांची नोकरी संपवून, १९९३ मध्ये, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधनाचे उपकुलगुरू म्हणून गेले होते. १९९६ मध्ये त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. २००० मध्ये, वयाच्या बासष्टीत, त्यांनी प्रानालिटिका ही कंपनी काढली आणि क्वांटम कॅस्केड लेसर बनवायला घेतले. २००९ मध्ये त्यांच्या गटाने कपासो यांच्यासोबत नेहमीच्या तापमानाला अखंड तीन वॉट देणारा लेसर प्रसिद्ध केला. ज्याने तरुणपणी वायूच्या नळीतून मध्य-अवरक्त प्रकाश उधळला, तोच माणूस उतारवयात तो प्रकाश नखाएवढ्या स्फटिकातून काढत होता. एका आयुष्यात एवढा पल्ला गाठणारी माणसं विज्ञानात मोजकीच. बारामतीने आणि पुण्याने त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकांत आणायला हवं.

क्वांटम कॅस्केड लेसरचाही प्रकाश कडेतून निघतो आणि फाकतो, म्हणून तिथेही ग्रेटिंगचा प्रवास नव्याने झाला. १९९९ मध्ये पृष्ठभागातून १० मायक्रॉनचा प्रकाश देणारा नमुना आला, २००३ मध्ये दोन्ही दिशांनी छिद्रांची जाळी कोरलेला. मधोमध पडणारा अंधार इथेही होताच. २०१६ मध्ये बोटेझ यांच्या गटाने त्यावर फार सुंदर तोड काढली. त्यांनी ग्रेटिंग धातूची केली, आणि तिची मापं अशी ठरवली, की खोडणाऱ्या अवस्थेतली ऊर्जा धातूच्या पृष्ठभागावरच्या लाटांत शोषली जाईल. लेसर कमी नुकसानीची अवस्था निवडतो ना? मग नको असलेली अवस्थाच जास्त नुकसानीची करून टाकली. मध्यावर एकच पाकळी उभी राहिली.

क्योतोत सुसुमु नोदा यांनी १९९९ पासून हाच प्रश्न दोन मितींत सोडवायला घेतला होता. रेषांच्या जागी त्यांनी छिद्रांची चौकडी कोरली, म्हणजे प्रकाश चारही दिशांना वळतो, आडवा-उभा मिळून सगळा पृष्ठभाग एका तालात बांधला जातो आणि शिवाय वरही फेकला जातो. पृष्ठभाग मोठा करत गेलं की तालही सुटू लागतो, हा जुना शत्रू इथेही भेटला. त्यावर त्यांनी प्रत्येक ठिकाणी एकाऐवजी दोन छिद्रं ठेवली, एक किंचित सरकवून, जेणेकरून नको असलेल्या अवस्थांचं परतणं आपोआप खोडलं जाईल. २०१४ मध्ये वॉटच्या पल्ल्यात असलेली शक्ती २०१९ मध्ये दहा वॉटवर गेली. जून २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या निबंधातला लेसर ३ मिलिमीटर व्यासाचा आहे. तो अखंड ५० वॉट देतो आणि त्याचा झोत फक्त ०.०५ अंश फाकतो. १९६२ चे तीस-चाळीस अंश मनात ठेवून हा आकडा वाचावा. झोताची तीव्रता चौरस सेंटिमीटरमागे, एकक घनकोनात, एक गिगावॉट; म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि फायबर लेसरच्या पंगतीत बसणारी.

ट्रॉम्बेपासून निघालेला धागाही तुटलेला नाही. दिलीप देवीदास भवाळकर यांच्या नेतृत्वाखाली ऐंशीच्या दशकात इंदूरला लेसर आणि प्रवेगक तंत्रज्ञानाचं केंद्र उभं राहिलं, आज ते राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखलं जातं आणि तिथे अर्धवाहक लेसरवर काम चालतं. पण साठच्या दशकात दोन-तीन वर्षांचं असलेलं अंतर पुढे वाढत गेलं, हे मान्य करायला हवं. माझ्या मते त्याचं कारण बुद्धीच्या कमतरतेत नाही. अणूच्या जाडीपर्यंत नेमके थर वाढवणारी भट्टी, मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याच्या रेषा कोरणारं यंत्र, आणि ती दोन्ही वीस-वीस वर्षं न थांबता चालवणारे हात, या तिन्ही गोष्टी क्योतोत आणि विस्कॉन्सिनमध्ये एकत्र टिकल्या. नोदा यांच्या १९९९ च्या पहिल्या नमुन्यापासून ५० वॉटपर्यंत चोवीस वर्षं गेली, आणि त्यातली बरीचशी छिद्रांची जागा मायक्रॉनच्या अंशांनी इकडेतिकडे करण्यात गेली.

आता प्रश्न उष्णतेचा आहे. पृष्ठभाग मोठा झाला की मध्यभाग कडांपेक्षा जास्त तापतो, तापलेल्या भागात प्रकाशाचा वेग बदलतो आणि काळजीपूर्वक जुळवलेली चौकडी मध्यावर बिघडते. क्योतोच्या गटाने त्यावर छिद्रांमधलं अंतर जागोजागी आधीच कमी-जास्त ठेवण्याचा उपाय केला, म्हणजे चालू स्थितीत तापल्यावर सगळं एकसारखं होईल. या लेसरने त्यांनी पोलादाचा पातळ पत्राही कापून दाखवला आहे. पत्रे कापण्याचं हे काम गेली सहा दशकं ज्या यंत्रांनी केलं, त्यात बारामतीच्या पटेलांचा वायूचा लेसर आघाडीवर होता. ३ मिलिमीटरचा हा तुकडा एक सेंटिमीटरपर्यंत वाढवून शक्ती किलोवॉटच्या घरात नेण्याचं काम क्योतोत सध्या सुरू आहे.